महिला हॉकी लीगचा पहिला हंगाम : पंधरा दिवस, तेरा सामने

– कॅडेट, इयत्ता दहावी (तंजावर)

आपल्या शाळेत हॉकी सगळ्यांना माहीत आहे. मेजर ध्यानचंद यांचे चित्र जिमच्या भिंतीवर आहे आणि २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन आपण दरवर्षी साजरा करतो. पण २०२५ च्या जानेवारीत रांचीला मुलींची जी लीग झाली, तिच्याबद्दल विचारले की बहुतेक जण गप्प बसतात. ती लीग कोणी जिंकली, ती कशासाठी सुरू झाली, तिचे गुण कसे मोजतात आणि शेवटच्या सामन्यातले दोन्ही विजयी गोल महाराष्ट्राच्या एका मुलीने केले, हे आपल्या मराठी पानाच्या वाचकांना कळावे म्हणून हा लेख.

आधी एक पराभव

ही लीग समजून घ्यायची तर एक वर्ष मागे जावे लागते. १९ जानेवारी २०२४. ठिकाण तेच, रांची. पॅरिस ऑलिम्पिकची पात्रता स्पर्धा तिथे चालू होती आणि पहिल्या तीन संघांना ऑलिम्पिकचे तिकीट मिळणार होते. भारताच्या मुली उपांत्य सामन्यात जर्मनीशी २-२ अशा बरोबरीत राहिल्या आणि शूटआउटमध्ये हरल्या. मग तिसऱ्या जागेसाठी जपानशी सामना झाला. जपानने सुरुवातीलाच एक गोल केला. उरलेला सगळा वेळ भारत धडका मारत राहिला, पण गोल झाला नाही. ०-१ असा पराभव झाला आणि ऑलिम्पिक हुकले.

हाच संघ त्याआधी टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथा आला होता. कांस्यपदकाच्या सामन्यात ग्रेट ब्रिटनकडून ३-४ असा हरला होता. म्हणजे पदकापासून एका गोलाच्या अंतरावर असलेला संघ पुढच्या ऑलिम्पिकला पोहोचूच शकला नाही. मुलींमध्ये जिद्द नव्हती असे कोणी म्हणणार नाही. मोठ्या सामन्यांचा सराव मात्र कमी पडला. जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम इथल्या खेळाडू आठवड्यामागून आठवडे आपापल्या देशांतल्या क्लबांकडून कडक सामने खेळतात. आपल्या मुली वर्षातला बराच काळ शिबिरात एकमेकींशीच खेळतात. शिबिरात दम वाढतो आणि कौशल्यही वाढते. पण स्टेडियम भरलेले आहे, घड्याळात चार मिनिटे उरली आहेत आणि समोर अनोळखी गोलरक्षक आहे, ही परिस्थिती शिबिरात तयार करता येत नाही.

पुरुषांसाठी हॉकी इंडिया लीग २०१३ मध्येच सुरू झाली होती. ती २०१७ पर्यंत चालली, मग बंद पडली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. मुलींना त्या पहिल्या पाच हंगामांत एकदाही संधी नव्हती. १२ जानेवारी २०२५ ला ती पहिल्यांदा मिळाली. पुरुषांची लीग सुरू झाल्यानंतर तब्बल बारा वर्षांनी.

लिलाव म्हणजे काय?

तंजावरला आमच्या घरी लिलावाची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आजीने विचारले, “अगं, मुलींचा लिलाव करतात का आता?” आजीचा प्रश्न बरोबर होता, कारण शब्द तसाच आहे. म्हणून नीट सांगते.

लिलावात खेळाडू विकली जात नाही. एका हंगामासाठी तिने कोणत्या संघाकडून खेळायचे आणि तिला किती मानधन मिळायचे, एवढेच त्यात ठरते. प्रत्येक खेळाडूची सुरुवातीची बोली आधीच ठरलेली असते. या लीगमध्ये ती २ लाख, ५ लाख आणि १० लाख रुपये अशा तीन पायऱ्यांची होती. ज्या संघांना ती खेळाडू हवी असते ते बोली वाढवत जातात. मात्र प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. महिलांच्या संघाला एकूण २ कोटी रुपयांतच सगळा संघ उभा करायचा होता. म्हणून एकाच खेळाडूवर फार पैसे घातले तर बाकीच्या जागा भरताना हात आखडता घ्यावा लागतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत हा लिलाव झाला. सर्वांत मोठी बोली हरियाणाच्या उदितावर लागली, ३२ लाख रुपये. तिला बंगालच्या संघाने घेतले. उदिता बचाव फळीत खेळते, हे मला विशेष वाटले. एरवी सगळे लक्ष गोल करणाऱ्यांकडे जाते. परदेशी खेळाडूंमध्ये नेदरलँड्सच्या यिब्बी जान्सेनला ओडिशाने २९ लाखांना घेतले. पेनल्टी कॉर्नरवर गोल करण्यात ती जगातल्या सर्वांत भारी खेळाडूंपैकी एक आहे.

प्रत्येक संघात २४ जणी. त्यांत ८ परदेशी आणि १६ भारतीय, आणि त्या १६ मध्ये किमान ४ ज्युनियर वयाच्या असल्याच पाहिजेत असा नियम. माझ्या मते सगळ्या लीगमधला सर्वांत महत्त्वाचा नियम हाच. नियम नसता तर संघांनी नावाजलेल्या खेळाडू घेतल्या असत्या आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली घरी बसून टीव्हीवर सामने बघत राहिल्या असत्या. नियमामुळे त्यांना यिब्बी जान्सेनसारखीच्या शेजारी उभे राहून सराव करायला मिळाला.

आता पैशांचा हिशोबही सांगायला हवा. विजेत्या महिला संघाला दीड कोटी रुपये, उपविजेत्यांना एक कोटी आणि तिसऱ्यांना ५० लाख असे बक्षीस होते. पुरुषांच्या लीगमध्ये हेच आकडे तीन कोटी, दोन कोटी आणि एक कोटी. संघाची थैली पुरुषांची ४ कोटी, महिलांची २ कोटी. पुरुषांत सर्वांत मोठी बोली कर्णधार हरमनप्रीत सिंगवर ७८ लाखांची लागली. म्हणजे सगळीकडे साधारण निम्मे. महिलांचे संघ चार आणि पुरुषांचे आठ, हाही फरक. महिलांचे सहा संघ करायचे असे आधी ठरले होते, प्रत्यक्षात चारच उभे राहिले.

चार संघ आणि गुणांचे गणित

ते चार संघ असे. ओडिशा वॉरियर्स, कर्णधार नेहा गोयल. सूरमा हॉकी क्लब, म्हणजे पंजाब-हरियाणाचा संघ, कर्णधार सलीमा टेटे. दिल्ली एसजी पायपर्स, कर्णधार नवनीत कौर. आणि श्राची राढ बंगाल टायगर्स, कर्णधार उदिता. सलीमा भारतीय संघाचीही कर्णधार आहे आणि ती झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली. त्यामुळे रांचीचे मैदान तिच्यासाठी घरचेच.

मैदानाचे नावही लक्षात ठेवण्यासारखे आहे : मरांग गोमके जयपाल सिंह स्टेडियम. मरांग गोमके म्हणजे थोर नेता. जयपाल सिंह १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कर्णधार होते. हॉकीतले आपले पहिले सुवर्णपदक त्याच वेळचे. पुढे ते संविधान सभेत आदिवासींचा आवाज झाले.

प्रत्येक संघ बाकीच्या तिघांशी दोन-दोन वेळा खेळला. चार संघ, दुहेरी फेरी, म्हणून साखळीचे १२ सामने. पहिले दोन संघ थेट अंतिम सामन्यात. उपांत्य फेरी नाही, तिसऱ्या जागेचा सामना नाही. १२ आणि १ मिळून १३. ज्यांना गणित आवडते त्यांनी पाच किंवा सहा संघ धरून हिशोब करून बघावा, सामने किती झपाट्याने वाढतात ते कळेल.

गुणांची पद्धत अशी. साठ मिनिटांत सामना जिंकला तर ३ गुण, हरला तर शून्य. बरोबरी झाली तर सामना तिथे सोडून देत नाहीत, शूटआउट होते. शूटआउट जिंकणाऱ्याला २ आणि हरणाऱ्याला १ गुण. म्हणजे प्रत्येक सामन्यात तीनच गुण वाटले जातात, पण ते ३-० असे किंवा २-१ असे. या पद्धतीचा परिणाम खेळावर दिसतो. शेवटच्या पाच मिनिटांत १-१ असेल तर संघाला ठरवावे लागते. तीन गुणांसाठी पुढे चढायचे की निदान एक गुण पदरात पाडून शूटआउटची वाट बघायची? पुढे चढले आणि मागे जागा मोकळी सुटली तर हातचा एक गुणही जातो.

शूटआउट फुटबॉलच्या पेनल्टीसारखे नसते. खेळाडू चेंडू घेऊन २३ मीटरच्या रेषेवर उभी राहते. शिट्टी वाजली की गोल करायला तिच्याकडे फक्त ८ सेकंद. समोर एकटी गोलरक्षक, तीही पुढे धावत येते. अशा पाच जणी एका संघाच्या आणि पाच दुसऱ्या. आठ सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ लावून आपल्या मैदानावर एकदा करून बघा. पहिले तीन सेकंद नुसते पळण्यात जातात.

पेनल्टी कॉर्नर, सोप्या शब्दांत

ज्या पालकांनी हॉकी फारशी पाहिलेली नाही त्यांना सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे पेनल्टी कॉर्नर. अचानक खेळ थांबतो, काही जणी मुखवटे चढवतात आणि गोलात जाऊन उभ्या राहतात. हे काय चालले आहे?

गोलासमोर अर्धवर्तुळासारखी एक रेषा असते, तिला आपण सर्कल किंवा ‘डी’ म्हणतो. गोल करायचा तर फटका या ‘डी’च्या आतून मारावा लागतो. बाहेरून मारलेला चेंडू सरळ गोलात गेला तरी गोल मिळत नाही. बचाव करणाऱ्या संघाने ‘डी’त चूक केली, उदाहरणार्थ चेंडू पायाला लागला, तर समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळतो. तेव्हा बचावाला गोलरक्षक धरून फक्त पाच जणी गोलरेषेमागे उभ्या राहू शकतात. बाकीच्या सगळ्या मध्यरेषेपलीकडे. एक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलते, दुसरी तो ‘डी’च्या काठाबाहेर अडवते, आणि तिसरी तो आत घेऊन गोलावर मारते. जोराचा पहिला फटका मारला तर तो गोलाच्या मागच्या फळीपेक्षा, म्हणजे ४६ सेंटीमीटरपेक्षा, उंच जाता कामा नये. पण चेंडू काठीवर ओढत नेऊन भिरकावला, म्हणजे ड्रॅग फ्लिक मारली, तर उंचीची ही अट नाही. म्हणूनच ड्रॅग फ्लिक मारणाऱ्या खेळाडूला इतका भाव.

मुखवटे कशासाठी ते आता कळेल. १५६ ते १६३ ग्रॅमचा कडक चेंडू अंगावर येत असताना गोलरेषेवरून पुढे धाव घ्यायची असते. सगळ्यांत आधी धावणारी मुलगी चेंडूच्या रेषेतच धावते. तिचे नाव गुणफलकावर कधीच येत नाही. आमचे पीटीचे सर म्हणतात, हॉकीत धैर्य बघायचे असेल तर मारणारीकडे बघू नका, पहिल्या धावणारीकडे बघा.

लीगच्या पहिल्याच सामन्यात ओडिशाने दिल्लीला ४-० असे हरवले आणि लीगच्या इतिहासातला पहिला गोल यिब्बी जान्सेनच्या नावावर लागला. २९ लाख कशासाठी मोजले, याचे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले.

२६ जानेवारीची संध्याकाळ

अंतिम सामना प्रजासत्ताक दिनी झाला : ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. सूरमाकडे सलीमा टेटे, आणि गोलात सविता पुनिया. सविता म्हणजे टोकियोत भारताची भिंत झालेली गोलरक्षक. ओडिशाच्या प्रशिक्षक होत्या यानेके शॉपमन. एक वर्षापूर्वी याच मैदानावर जपानविरुद्ध हरलेल्या भारतीय संघाच्या प्रशिक्षकही त्याच होत्या. त्या पराभवानंतर त्यांनी पद सोडले होते. एका वर्षाने त्या पुन्हा त्याच मैदानाच्या कडेला उभ्या होत्या.

विसाव्या मिनिटाला ओडिशाने आघाडी घेतली. गोल केला ऋतुजा दादासो पिसाळने. अठ्ठाविसाव्या मिनिटाला सूरमाच्या पेनी स्क्विबने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. मध्यंतराला १-१. तिसरे सत्र कोरडे गेले. चौथे सत्रही संपत आले आणि सगळे शूटआउटच्या तयारीत असताना, छप्पन्नाव्या मिनिटाला, म्हणजे चारच मिनिटे उरली असताना, दुसरा गोल झाला. तोही ऋतुजाचाच. ओडिशा २, सूरमा १. महिला हॉकी इंडिया लीगचा पहिला करंडक ओडिशाने जिंकला.

मैदानावर नेदरलँड्स, बेल्जियम, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नावाजलेल्या खेळाडू होत्या. लाखांच्या बोली लागलेल्या होत्या. पण अंतिम सामन्यात ओडिशाचे दोन्ही गोल केले ते सातारा जिल्ह्यातल्या एका तरुण मुलीने, जी तोवर भारताच्या ज्युनियर संघातून खेळत आली होती. ज्युनियर वयाच्या खेळाडूंना जागा ठेवा, हा नियम कशासाठी, याचे यापेक्षा चांगले उत्तर कोणी देऊ शकत नाही.

सातारा आणि हॉकी

महाराष्ट्रात मुलींचा खेळ म्हटले की कबड्डी, खो-खो आणि आता क्रिकेट. हॉकी म्हटले की लोकांना पुणे, खडकी आणि मुंबई आठवते. खडकीचे धनराज पिल्ले चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळले. त्यांच्या घरची भाषा तमिळ आणि वाढले ते महाराष्ट्रात. माझ्या घरची भाषा मराठी आणि घर तंजावरला. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजे इकडे आले, त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांची आमच्यासारखी कुटुंबे अजून घरात मराठी बोलतात. त्यामुळे पिल्ले सरांचे नाव आमच्या घरात जरा जास्तच आपुलकीने घेतले जाते.

पण गेल्या काही वर्षांत भारतीय महिला संघात मराठी नावे दिसू लागली, ती सातारा जिल्ह्यातून. फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी विठ्ठल फाळके आणि वाखरी गावची अक्षता आबासो ढेकळे या दोघी भारताकडून खेळल्या. आता ऋतुजा. दुष्काळी पट्ट्यातली गावे, घरी शेती, आणि गावात निळे टर्फ तर सोडाच, सपाट मैदानही मोठ्या मुश्किलीने. फलटणच्या या मुली शाळेतल्या मातीच्या मैदानावर सुरुवात करून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेल्या. प्रबोधिनी हीसुद्धा आपल्यासारखीच निवासी. पहाटे उठणे, मैदान, शाळा, पुन्हा मैदान, आणि घरच्यांशी बोलणे ठरलेल्या वेळीच. आपल्या वसतिगृहातल्या प्रत्येकाला हे दिवस समजावून सांगायची गरज नाही.

इथे पालकांना एक गोष्ट सांगाविशी वाटते. मुलीला बाराव्या-तेराव्या वर्षी घरापासून लांब, खेळासाठी, पाठवणे हा आई-बाबांचा निर्णय असतो. तो निर्णय घेताना रांचीचा अंतिम सामना त्यांना दिसत नसतो. त्या वेळी महिलांची लीगच नव्हती. खेळून पुढे काय, असे कोणी विचारले तर ‘रेल्वेत नोकरी लागेल’ एवढेच उत्तर होते. आता त्या प्रश्नाला आणखी एक उत्तर मिळाले आहे, आणि आता तशाच गावातून सहावीतली एखादी मुलगी हट्ट करेल तेव्हा ते उपयोगी पडेल.

आयर्लंडच्या मुलींचा हंगाम

याच वर्षी काठी आणि चेंडूच्या आणखी एका महिलांच्या खेळाचा हंगाम गाजला. तो खेळ म्हणजे आयर्लंडची कॅमोगी. आपल्याकडे तो कोणी खेळत नाही, पण आपल्या लीगशी तुलना करायला फार उपयोगी आहे.

कॅमोगीत एका बाजूला १५ जणी. काठी रुंद पात्याची, लाकूड ॲश झाडाचे. चेंडू जमिनीवरूनच नव्हे, हवेतही मारता येतो, हातात झेलता येतो, काठीवर तोलत पळता येते. गोलाचे खांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे. आडव्या दांड्याखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे ३ गुण. वरून गेला तर १ गुण. म्हणून धावफलक १-१४ असा लिहितात : एक गोल आणि चौदा गुण, एकूण १७. त्यांची संघटना १९०४ ची आणि देशपातळीवरची मुख्य स्पर्धा १९३२ पासून चालू आहे.

आपल्या लीगपेक्षा मोठा फरक असा की तिथे लिलाव नाही आणि मानधनही नाही. खेळाडू आपल्या काउंटीकडून, म्हणजे आपल्या जिल्ह्याकडून, खेळते. दिवसा ती शिक्षिका, परिचारिका किंवा विद्यार्थिनी असते आणि संध्याकाळी सराव करते. अंतिम सामना मात्र डब्लिनच्या क्रोक पार्कवर, देशातल्या सर्वांत मोठ्या मैदानावर.

२०२५ च्या हंगामात तिथे वेगळाच वाद पेटला. नियमाप्रमाणे खेळाडूंना स्कॉर्ट घालावी लागे. स्कॉर्ट म्हणजे बाहेरून स्कर्ट आणि आतून हाफपँट. अनेक जणींना ती खेळताना अडचणीची वाटे. नियम बदलण्याचा ठराव २०२४ मध्ये फेटाळला गेला होता. ३ मे २०२५ ला डब्लिन आणि किल्केनी या दोन्ही संघांच्या मुली सामन्याला हाफपँट घालून उतरल्या. कपडे बदला, नाहीतर सामना होणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी बदलले आणि सामना खेळल्या. पण बातमी देशभर गेली. २२ मे ला संघटनेने खास सभा बोलावली आणि ९८ टक्के मतांनी ठरले की स्कॉर्ट की हाफपँट, हे खेळाडूने स्वतः ठरवावे. मग १० ऑगस्टच्या अंतिम सामन्यात गॉलवेने कॉर्कला १-१४ विरुद्ध १-१३ असे, म्हणजे एकाच गुणाने, हरवले. विजयी गुण अगदी शेवटी गॉलवेची कर्णधार कॅरी डोलनने मिळवला.

या गोष्टीतले शिस्तीचे अंग आपण कॅडेटनी लक्षात घ्यावे असे मला वाटते. त्या मुलींनी सामना सोडला नाही आणि पंचांशी भांडणही केले नाही. दोन्ही संघ, जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते, एकत्र उभे राहिले, हुकूम मिळाल्यावर तो पाळला आणि नियम बदलण्याची मागणी रीतसर सभेपर्यंत नेली. तीन आठवड्यांच्या आत नियम बदलला.

आणि लीगच्या बाजूने शिकण्यासारखे हे : पैसा नसला तरी दरवर्षी न चुकता येणारा हंगाम असेल तर खेळ टिकतो. पुरुषांची आपली लीग २०१७ नंतर बंद पडली तेव्हा मध्ये सात वर्षे गेली. त्या वर्षांत जे पंधरा वर्षांचे होते ते बावीसचे झाले. म्हणून बक्षिसाच्या रकमेइतकेच, किंवा त्याहूनही जास्त, महत्त्वाचे हे की लीग दर हिवाळ्यात झाली पाहिजे.

एका हंगामाने काय बदलले?

खरे सांगायचे तर सगळे बदलले नाही. लीग संपल्यावर त्याच वर्षी भारताचा महिला संघ प्रो लीगमध्ये शेवटचा आला आणि जूनमध्ये खालच्या गटात गेला. तेरा सामन्यांची एक स्पर्धा म्हणजे जादूची कांडी नव्हे.

पण सप्टेंबरात चीनमधल्या हांगझोऊला आशिया चषक झाला, तेव्हा भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे चीनने ४-१ असे हरवले आणि रौप्यपदक मिळाले. विश्वचषकाचे थेट तिकीट चीनला गेले. आपल्याला पात्रता फेरीतून जावे लागणार होते. त्या संघात ऋतुजा पिसाळ आणि वैष्णवी फाळके दोघी होत्या. जानेवारीत ज्युनियर म्हणून ओळखली जाणारी मुलगी सप्टेंबरात आशिया चषकात देशाची आघाडीपटू होती. लीगने एवढे नक्की केले.

तमिळनाडूतही हॉकीचे वारे आहे. कोविलपट्टी गावाची ओळखच हॉकीमुळे आहे आणि तंजावरला लागून असलेल्या अरियलूरचा कार्ती सेल्वम भारताकडून खेळला. २०२५ च्या २८ नोव्हेंबरपासून चेन्नई आणि मदुराईला मुलांचा ज्युनियर विश्वचषक झाला. आमच्या घरापासून मदुराई काही फार लांब नाही, त्यामुळे भावाने आधीपासूनच बाबांच्या मागे लकडा लावला होता. मुलांच्या लीगमध्ये तमिळनाडू ड्रॅगन्स हा संघ आहे. मुलींच्या लीगमध्ये तमिळनाडूचा संघ नाही आणि महाराष्ट्राचाही नाही.

आपल्या शाळेत मुली येऊन फार वर्षे झालेली नाहीत. हॉकीसाठी अजून दोन पूर्ण संघ होत नाहीत, म्हणून संध्याकाळी आम्ही सात-सात जणी करून अर्ध्या मैदानावर खेळतो. अर्ध्या मैदानावर पळणे कमी आणि चेंडू वाट्याला जास्त येतो, त्यामुळे शिकायला ते वाईटही नाही. पण नव्या सत्रात आणखी आठ जणी आल्या तर अकरा-अकराचा सामना होईल. सहावी-सातवीच्या मुलींनो, काठी नसली तरी चालेल, स्टोअरमध्ये जास्तीच्या आहेत. शिन गार्ड आणि माउथ गार्ड मात्र स्वतःचे आणा. सरावाची वेळ सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच.